अर्ध्या तासाची गळती

सांधाच्या हिशेबानं वाघेरी आणि पळसमळा या दोन गावांनी केव्हाच काडीमोड घ्यायला हवा होता.

शर्वरी मगरनं निष्कर्ष पुन्हा एकदा वाचला. 'संयुक्त पाणीयोजना विभक्त करावी. कारण : नदीपुलावरील वाहिनीत जुनाट, अनियमित गळती.' खाली आकडे होते. एकतीस वर्षांत दोनशे चौदा वेळा गळती, आणि प्रत्येक वेळी बरोबर अर्धा तास.

तिला खटकला तो हा अर्धा तास. भोक पडलेला पाइप घड्याळ बघून गळत नाही. आणखी एक गोष्ट होती. ज्या रजिस्टरांवरून हे आकडे काढले होते, ती तिच्या वडिलांच्या हातची होती.

सांधा हे शर्वरीच्या पुण्यातल्या संस्थेनं तयार केलेलं संगणकी प्रारूप. त्याची गरज पडली ती चाळणीमुळे. चाळण म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर आणि त्यात पाण्याचा रेणू जेमतेम निसटेल एवढी भोकं. मीठ अडतं, जंतू अडतात, रंग अडतो. मचूळ बोअरचं पाणी एका बाजूनं सोडा, दुसऱ्या बाजूनं पिण्याजोगं बाहेर. टेम्पोएवढी एक पेटी, तिच्या डोक्यावर सूर्यपट्ट्या, आणि तेवढ्यात दहा हजार वस्तीचं गाव भागतं. दहा वर्षांपूर्वी ही पेटी प्रयोगशाळेत होती. आता ती तालुक्याच्या गावी मिळू लागली होती.

तोवर शेजारची गावं एकत्र का येतात, हे सांगायला फार अक्कल लागत नसे. नदीतली विहीर, पंप, टाकी, शुद्धीकरण हे एकट्या गावाच्या आवाक्यात नसायचं, दोघांच्या मिळून असायचं. आता ते कारण उरलं नव्हतं. मग राज्यातल्या तीनशे बारा संयुक्त योजनांतल्या कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या सोडवायच्या? हे सांधानं सांगायचं होतं.

त्याची रीत सोपी होती. गावांची एक खरी जोडी घ्यायची. तेवढीच वस्ती, तेवढंच अंतर, तेवढाच पाऊस असलेल्या एक हजार काल्पनिक जोड्या तयार करायच्या. निम्म्या जोड्या वीस वर्षं एकत्र चालवायच्या, निम्म्या वेगळ्या. मग खरी जोडी त्यांच्यापेक्षा कुठे वेगळी वागली ते बघायचं. शेवटी शंभर भागांत उत्तर यायचं. इतके भाग आकारामुळे, इतके अंतरामुळे, इतके एकाच नदीमुळे, इतके अधिकाऱ्यांच्या ओळखीमुळे. ज्याचं कारण सापडत नाही ते 'शेष' या रकान्यात. बहुतेक जोड्यांचा शेष पाच-सहाच्या पुढे जात नसे.

वाघेरी-पळसमळ्याचा शेष चौतीस होता. राज्यात सगळ्यांत जास्त. काहीही कारण नसताना ही दोन गावं एकतीस वर्षं एकमेकांना धरून राहिली होती. कागद न रंगवता आगीचा बंब एकमेकांना देत होती, एकाचा कचरा दुसऱ्याच्या माळावर चालवून घेत होती. आणि सहा वर्षांपूर्वी, पाण्याचे व्हॉल्व्ह आपोआप चालायला लागल्यावर, तेही काही कारण नसताना भांडायला लागली होती. आधी वर्षाला दोन तक्रारी यायच्या, आता चाळीस.

सहा वर्षांत गळतीची एकही नोंद नव्हती. पण दुरुस्तीचीही नव्हती. सांधानं त्यावर तर्क लढवला होता : दुरुस्ती झालेली नाही, म्हणजे गळती चालू आहे, मीटरला ती दिसत नाही, म्हणजे मीटर चुकतात, गावं भांडतात ती त्यामुळेच.

"तुझंच गाव ना?" तिच्या प्रमुखांनी विचारलं होतं. "जाऊन बघून ये. गुरुवारी त्यांची संयुक्त सभा आहे. निष्कर्ष तूच मांड."

*

सोमवारी दुपारी बाराला ती येरळा नदीच्या पुलावर उभी होती.

पुलाच्या अलीकडे वाघेरी, पलीकडे पळसमळा. माळावरच्या टाकीतून येणारी मोठी वाहिनी पुलाच्या तोंडाशी एका दगडी चेंबरमध्ये उतरायची आणि तिथं तिला दोन फाटे फुटायचे. दाब पुरत नसल्यानं एका वेळी एकाच गावाला पाणी. सकाळी सहा ते बारा पळसमळा, बारा ते सहा वाघेरी.

शर्वरीनं ध्वनिशोधक पाइपला लावला. बारीकशी चीर असली तरी पाणी तिच्यातून शिट्टी घालतं, माणसाला ऐकू न येणारी. तिनं हात-हात अंतरावर सगळा पूल ऐकला. पाइप ठणठणीत होता. कुठेही सांधलेला नव्हता, म्हणजे पूर्वीही कधी फुटलेला नव्हता.

ती चेंबरच्या कट्ट्यावर बसली. हा कट्टा तिच्या ओळखीचा होता. शनिवारी शाळा सकाळची असायची. अकराला सुटली की ती दप्तरासह इथं यायची, कारण बाराला तात्या यायचे. तात्या म्हणजे तिचे वडील हणमंत मगर, वाघेरीचे वॉलमन. पलीकडून पळसमळ्याचे वॉलमन केरबा खाडे यायचे. दोघांच्या खांद्यावर माणसाएवढी लांब लोखंडी चावी. केरबाकाका त्यांचा व्हॉल्व्ह बंद करायचे, तात्या आपला उघडायचे. बावीस फेरे. फेरे मोजायचं काम शर्वरीचं.

"एकवीस झाले," ती म्हणायची.

"बावीस झाले की गं," केरबाकाका मुद्दाम म्हणायचे. "हणम्या, पोरगी एक फेरा खाती तुझ्यावानी."

"तू तुझ्या गावाचं बघ. काल बाराला पाच कमी असताना आलास."

"आलो तर बसलो की हितंच! बंद केलं व्हतं का?"

मग कट्ट्यावर भाकरी सुटायची. तात्यांच्या फडक्यात पिठलं, काकांच्या डब्यात वाळकाची कोशिंबीर. जेवता जेवता दोन्ही गावांच्या खबरा इकडून तिकडे जायच्या. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कोण अंथरुणाला खिळलंय. शेवटी रजिस्टर निघायचं. तारीख, उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, आणि मध्ये पाणी बंद ठेवावं लागलं तर त्याचं कारण. खाली दोघांच्या सह्या. दोन सह्यांशिवाय नोंद धरायची नाही, असा नियमच होता. तात्या एकेक आकडा कोरल्यासारखा काढायचे. "आकडा हाय तसा लिवावा," ते म्हणायचे. शर्वरी पुढे संख्याशास्त्राकडे गेली ती बहुधा त्या कट्ट्यावरूनच.

आता कट्ट्यावर कुणी नव्हतं. बाराला चेंबरमध्ये मोटर घुरघुरली, पाणी वळलं.

तिनं हातातल्या संगणकी पाटीवर नोंदींची यादी काढली आणि वेळ घालवायला म्हणून वाचत गेली. एके ठिकाणी बोट थांबलं.

नऊ नोव्हेंबर, दोन हजार तेवीस. पळसमळ्याची पाळी. साडेदहा ते अकरा पुरवठा बंद. कारण : गळती.

त्या दिवशी सकाळी आईला नेलं होतं. शर्वरी नऊ वर्षांची होती. घरात पन्नासेक माणसं, आणि स्मशानातून परतलेला प्रत्येक जण दारात थांबलेला, कारण आंघोळीशिवाय आत यायचं नसतं आणि पिंपं तळाला गेलेली. बाराशिवाय नळ येत नाही हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि साडेदहाला परसातला नळ खाकरला, आधी हवा, मग गढूळ, मग चांगलं मनगटाएवढं पाणी. थोरल्या आत्यानं हात जोडले होते. "बघा बाई, तिचं पुण्य." शर्वरीनं त्या पाण्याखाली हात धरला होता आणि बराच वेळ काढला नव्हता.

चोवीस वर्षांत तिला कधी प्रश्न पडला नव्हता, की वाघेरीत ते पाणी आलं कसं.

*

"जुना पाइप. गळायचाच," तात्या म्हणाले. ते अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडत बसले होते.

"पाइप कधीच गळलेला नाही, तात्या. मी ऐकून आले."

"आता पाइपाशी बी बोलती व्हय तू? लगीन कर म्हनलं तर माणसाशी बोलाय वेळ न्हाई."

"विषय बदलू नका. मी ग्रामपंचायतीच्या वेळेपासूनचं मृत्यूचं रजिस्टर काढलंय, दोन्ही गावांचं. दोनशे चौदा तारखा आणि प्रत्येक तारखेला एक मयत. एकही तारीख चुकत नाही."

तात्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"पळसमळ्यात कुणी गेलं आणि माणसं वाघेरीच्या पाळीत परतली, की वाघेरीत गळती. वाघेरीत कुणी गेलं आणि पळसमळ्याची पाळी असली, की पळसमळ्यात गळती. आईच्या दिवशीसुद्धा."

तात्यांनी शेंगा बाजूला सारल्या.

"पैलं वरीस व्हतं योजनेचं," ते म्हणाले. "पळसमळ्यात एक म्हातारं गेलं. दोन वाजता लोक माघारी आले तर गावात थेंब न्हाई. आपली पाळी. केरबा पूल वलांडून आला आन् हितं चेंबरपाशी हुबा राहिला. मागितलं न्हाई बरं का त्यानं. नुसता हुबा. मी म्हनलं, काय रं? तर म्हनला, काय न्हाय. आता काय न्हाय म्हनायला कोन भर उन्हात दीड मैल येतंय?"

"मग तुम्ही दिलंत."

"अर्धा तास. पर पाळी बदलायची तर साहेबाचा लेखी हुकूम पायजे. तो येईस्तोवर बाराव्याचं जेवान व्हायचं. मग लिवायचं काय? वीज गेली म्हनावं तर वीज कचेरी इचारनार. दुरुस्ती म्हनावं तर सामानाची चिठ्ठी मागनार. गळतीला साक्षीदार लागत न्हाई." ते जरासे हसले. "मयताला रकाना नव्हता, पोरी."

"आणि आकडा हाय तसा लिवावा?"

"आकडा हाय तसाच लिवलाय. अर्धा तास म्हंजे अर्धा तास. कारण तेवढं..." त्यांनी हात झटकला.

"ज्यांच्या घरी मयत असायचं त्यांना तरी सांगायचात?"

"कशापायी? उपकार करायचे व्हते व्हय? ज्याच्या घरी नळ आला त्याला वाटायचं, चुकून आला."

शर्वरीनं मग त्यांना सांधाचा निष्कर्ष समजावला. यंत्रानं त्या दोनशे चौदा नोंदी खऱ्या मानल्या. त्यावरून पाइप कुजका ठरवला. गुरुवारच्या सभेत योजना मोडेल, दोन गावांत दोन चाळणी बसतील, आणि पुलावरचा पाइप भंगारात जाईल. हे थांबवायचं तर गळती म्हणजे काय होतं ते सांगावं लागेल.

तात्यांचा चेहरा उतरला. "एकतीस वर्षं रजिस्टर लिवलं मी. जिल्ह्याचा साहेब येऊन म्हनला व्हता, असं रजिस्टर बघितलं न्हाई. आन् माझीच पोरगी भर सभेत हुबी राहून सांगनार, की माझ्या बापानं खोटं लिवलं?"

"चांगल्यासाठी लिहिलंत."

"ते तुला. बाकीच्यांना खोटं ते खोटंच. आन् त्येच्यावर आणखी एक हाय. सांगितलंस की पैला सवाल काय येईल ठावं हाय? कुनी कुनाला जास्त दिलं! मोजून दिलं की ते उसनं हुतंय. मग फेड आली, भांडान आलं. आमी दोघांनी मोजलं न्हाई म्हनून टिकलं ते."

शर्वरीनं मोजलं होतं. दुपारीच, कट्ट्यावर बसल्या बसल्या. मोजायचं असं ठरवलंही नव्हतं. हाताला सवयच होती. वाघेरीनं दिलेले एकशे सव्वीस, पळसमळ्यानं दिलेले अठ्ठ्याऐंशी.

*

त्या संध्याकाळी तिनं दोनशे चौदा नोंदींपुढचा 'गळती' हा शब्द काढला, तिथं 'शेजाऱ्याला दिले' असं घातलं आणि सांधा पुन्हा चालवला.

शेष चौतीसवरून तीनवर आला.

ती खुर्चीतून उठून उभी राहिली. यंत्राला जे कारण सापडत नव्हतं ते हे होतं. प्रत्येक अर्ध्या तासानंतरचे काही महिने दोन्ही गावं एकमेकांचं ऐकून घेत होती. बंब आला तो अशाच दिवसांत, कचऱ्याचा माळ मिळाला तो अशाच दिवसांत. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी कट्ट्यावरून घरात, घरातून पारावर काहीतरी झिरपत होतं. आणि व्हॉल्व्ह आपोआप चालायला लागले तेव्हा ते बंद झालं. नव्या व्हॉल्व्हला वेळापत्रक पाठ होतं; नुसत्या उभ्या राहिलेल्या माणसाला 'काय रं' म्हणून विचारायचं त्याला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांत किती घरांपुढे माणसं आंघोळीच्या पाण्याची वाट बघत उभी राहिली असतील, याची नोंद कुठेच नव्हती.

नवा निष्कर्ष आला : 'योजना संयुक्त ठेवावी.' शर्वरीला हायसं वाटलं. पण सांधा तिथं थांबला नव्हता. 'सुधारणा : मृत्युनोंदणीशी व्हॉल्व्ह जोडून अर्धा तास पुरवठा आपोआप वळवावा. लोकसंख्येनुसार प्रत्येक गावास वार्षिक मर्यादा ठरवावी. न वापरलेले तास पुढील वर्षी धरावेत. सध्याचे येणे : वाघेरी, अडतीस.'

तिनं ते तात्यांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"म्हंजे डिसेंबरात मर्यादा सपली, तर म्हाताऱ्यानं जानेवारीपातुर दम धरायचा?" मग ते गंभीर झाले. "आन् मशीननं दिलं तर ते गावानं दिलं कसं गं?"

सांधा चूक नव्हता. त्यानं कारण शोधलं होतं, मोजलं होतं, आणि मोजल्याबरोबर त्याचं हप्त्यात रूपांतर केलं होतं.

वाघेरीनं जास्त दिलं यात मोठेपणाही नव्हता. प्रेतयात्रा बहुतेक दुपारी उरकतात, आणि दुपार वाघेरीच्या पाळीत यायची, एवढंच. पण हे समजावायला पाच मिनिटं लागतात, 'अडतीस' म्हणायला एक क्षण. लोकांच्या ध्यानात अडतीसच राहिलं असतं.

गुरुवारी सकाळी तिनं दुसऱ्या निष्कर्षाची फाइल पुसली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं एक बरोबर उत्तर पुसलं होतं.

*

सभा पळसमळ्याच्या मंगल कार्यालयात होती. व्यासपीठावर वाघेरीच्या नगराध्यक्ष सुलोचनाताई जगदाळे आणि पळसमळ्याचे नगराध्यक्ष उदयसिंह घाडगे, मध्ये रिकामी खुर्ची सोडून बसलेले. समोर दोन्हीकडचे नगरसेवक. मागच्या ओळीत तात्या आणि त्यांच्याशेजारी काठीवर हनुवटी टेकून केरबाकाका.

"चहा कोणाचा, वाघेरीचा का पळसमळ्याचा?" वाघेरीचे नगरसेवक विलास खोत यांनी कप उचलत विचारलं. "नाही, संयुक्त असेल तर गळका असायचा."

हशा झाला. शर्वरी उभी राहिली.

"सांधानं योजना मोडायला सांगितलंय," ती म्हणाली. "पण तो सल्ला चुकीच्या नोंदीवर आधारलेला आहे. मी पूल तपासला. पाइप चांगला आहे. तो कधीच गळलेला नाही."

"कधीच?" खोत म्हणाले. "मग एकतीस वर्षं गळती-गळती लिहिलंय ते पाणी गेलं कुठं? कुणाच्या उसाला?"

शर्वरीनं श्वास घेतला. "त्या नोंदी..."

"बस खाली, पोरी." मागून आवाज आला. तात्या उभे होते. "माझं अक्षर हाय, मीच वाचतो."

त्यांनी टोपी काढून हातात धरली. "गळती नव्हती. मी खोटं लिवलं. दोनशे चौदा वेळा. ह्या केरबानं खाली सही केली, पर लिवलं मी." आणि पळसमळ्यातल्या त्या पहिल्या म्हाताऱ्यापासून त्यांनी सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. शेवटी म्हणाले, "रजिस्टर खोटं हाय. काय कारवाई करायची ती करा," आणि बसले. शर्वरीला दिसलं, की टोपी पुन्हा डोक्यावर ठेवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

मग उदयसिंह घाडगे कुणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले, "आमच्या आज्जीच्या वेळी तीनला नळ आला होता. मला वाटायचं, वडील अध्यक्ष होते म्हणून आला."

"आमच्याकडं अण्णा गेले तेव्हा," पळसमळ्याची एक बाई म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या, वॉलमन पिऊन पडला असणार."

"मी पीत न्हाई," केरबाकाका म्हणाले.

मग एकेकाला आठवायला लागलं. प्रत्येकाच्या घरी एक अवेळचा नळ होता. प्रत्येकाला वाटत होतं, तो आपल्याच घरी आला होता.

सुलोचनाताईंनी डोळ्यांना पदर लावला. पण खोत मुरलेले होते. "भावना ठीक आहेत," ते म्हणाले. "पण दोनशे चौदांपैकी आपण किती दिले आणि त्यांनी किती? कळू तरी दे. मॅडम, तुमच्याकडं आकडा असणारच."

शर्वरीच्या जिभेवर आकडा होता. फाइल पुसता आली होती, डोकं पुसता येत नव्हतं. समोर दोन्ही गावं तिच्याकडे बघत होती. वाघेरीची जरा पुढे झुकून, पळसमळ्याची जरा मागे सरून. मागे सरलेल्या त्या माणसांकडे बघूनच तिचं ठरलं.

"नाही," ती म्हणाली. "मोजलेलं नाही."

"संख्याशास्त्रवाल्या तुम्ही, आणि मोजलं नाही?"

"नाही मोजलं."

खोतांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं. त्यांच्याही घरी कुणी गेलं असेल. त्यांनी पुढे विचारलं नाही.

एकत्र राहायचं ठरलं, चौदा विरुद्ध नऊ. चाळण एकच घ्यायची आणि ती पुलापाशी बसवायची. शेवटी सुलोचनाताईंनी एक उपसूचना मांडली, की आपोआप चालणाऱ्या व्हॉल्व्हशेजारी हातानं फिरवायचा एक व्हॉल्व्ह असावा, दोन्ही गावांनी तिथं एकेक माणूस नेमावा, आणि त्या व्हॉल्व्हची नोंद ठेवू नये.

"नोंद ठेवू नये याची नोंद कशी करू?" लेखनिकानं विचारलं.

"बारीक अक्षरात कर," उदयसिंह म्हणाले.

*

ऊन कलल्यावर तिघं पुलावरून निघाली. केरबाकाका त्यांना अर्ध्या पुलापर्यंत सोडायला आले होते. त्यांचा पाय दुखत होता, त्यामुळे ते चार पावलं मागे होते. येरळेत पाणी कमी होतं, वाळूवर बगळे उभे होते.

तात्या शर्वरीच्या जवळ सरकून, मान न वळवता, हळूच म्हणाले, "खरंच मोजलं न्हाईस?"

"तात्या!"

"न्हाई, आपलं सहज. आपुनच जास्त दिलं असंल, न्हाई का?"

"तुम्हीच म्हणालात ना, मोजलं की उसनं होतं?"

"ते लोकांसाठनं. मी काय लोक हाय?"

"हणम्या, काय कुजबुजतोयस?" मागून केरबाकाका म्हणाले. "मला इचार की. तुमी जास्त दिलं. एकशे सत्तावीस येळा घेतलंय आमी तुमच्याकडनं."

"एकशे सव्वीस," शर्वरीच्या तोंडून गेलं.

"आँ! म्हंजे मोजलंस!" तात्या ओरडले. बगळे उडाले.

केरबाकाका पोचले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. "देणारा इसरतो. घेणाऱ्याला मोजावंच लागतंय," ते म्हणाले. "एकशे सत्तावीस."

"काका, मी प्रत्येक पान तपासलंय. एकशे सव्वीसच आहेत."

"पानावर तेवढंच असतील. आमचा संतू गेला त्या दिसाचं लिवलेलं न्हाई."

संतू त्यांचा धाकटा मुलगा. ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा शर्वरी पुण्याला शिकत होती. तिला फोनवर कळलं होतं.

"मी स्मशानात व्हतो," केरबाकाका म्हणाले. "माघारी आलो तर दारात नळ चालू. अर्धा तास न्हाई, दिवस मावळंस्तोवर. वाघेरीत त्या दिशी कुनाला थेंब मिळाला न्हाई. दुसऱ्या दिशी मी रजिस्टर उघडलं, तर पान कोरं."

शर्वरीनं वडिलांकडे पाहिलं. ते खाली वाळूकडे बघत होते.

"दोन सह्या लागायच्या," तात्या म्हणाले. "एकट्याच्या सहीनं खोटं लिवायला मला धीर झाला न्हाई."